हातोडेवाला उठून बसला

लोकांच्या हातून चुकून माणूस मरतो. माझ्या हातून चुकून एक मेलेला माणूस जिवंत झाला. तोही परक्या देशातला, परक्यांच्या गोष्टीतला, ज्याच्या मरणाशी माझा काडीइतका संबंध नव्हता. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला लिंबू सरबत पाजलं आणि बायकोच्या हाताला धरून घरी पाठवून दिलं. वर स्वतःवर इतकी खूश झाले की परतीच्या वाटेवर गाडीत यांना म्हणाले, "आज मी त्यांची गोष्ट सुधारली." हे वाक्य आठवलं की आजही, घरात एकटी असले तरी, मी पदर तोंडावर घेते. पदर नसतो, स्वेटशर्ट असतो, पण घेते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. अमरावतीहून इंग्रजी घेऊन एम. ए. झाले होते, पहिल्या वर्गात, आणि हे मी लोकांना आपलं नाव सांगायच्या आधी सांगायचे. लग्न होऊन मिशिगनात, नोव्हायला आले. आजचं नोव्हाय वेगळं. आज तिथे इडलीचं पीठ कोपऱ्यावर मिळतं आणि गणपतीच्या आरतीला गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा अर्धं गाव शेतं होती आणि उरलेल्या अर्ध्यात मोटारींच्या कंपन्यांतल्या इंजिनियरांसाठी एकसारख्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. हिवाळ्यात नळ्यांतून गरम पाणी फिरायला लागलं की भिंतीतून टणटण असा आवाज यायचा, कुणीतरी आत बसून पितळेची भांडी ठोकत असल्यासारखा. फोडणी टाकली की छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायचा. म्हणून मी बाहेर बर्फ पडत असताना खिडकी सताड उघडून, अंगात यांचा ओव्हरकोट घालून मोहरी तडतडवायचे. हे स्टुलावर उभे राहून भोंग्याला वर्तमानपत्रानं वारा घालायचे. आमटी व्हायला दोन माणसं लागायची.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि माणसं तीन झाली. त्या वाईच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, पण बोलायला लागल्या की मी त्यांच्या खांद्याला लागायचे. श्रावण त्यांनी इथेच केला. शुक्रवारी पाटावर तांदळाचे दाणे हातात घेऊन कहाणी सांगायच्या, आम्ही दोघं ऐकायला. त्यांच्या कहाणीत राजाचं राज्य जायचं, सुनेला घराबाहेर काढायचे, पोरं दगावायची. पण शेवटाला सगळं परत यायचं. मेलेलं पोर तीर्थ शिंपडलं की झोपेतून उठल्यासारखं उठून बसायचं आणि तिला लाभलं तसं सगळ्यांना लाभो असं म्हणून त्या दाणे वाहायच्या. गोष्ट ऐकून माणसानं जड मनानं उठू नये, हा त्यांच्याकडचा कायदा. मी एम. ए.! मी मनात हसायचे. शोकांतिकेवर मी वीस मार्कांचा प्रश्न लिहिलेला होता.

गावात एक छोटंसं ग्रंथालय होतं. शनिवारी सकाळी दहा वाजता तिथे चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीचा तास असायचा. मुलांच्या खोलीच्या बाई मार्गारेट, चष्मा साखळीला बांधून गळ्यात घालणाऱ्या, मला एकदा म्हणाल्या, "तू ये ना, तुमच्याकडच्या वाघांच्या, हत्तींच्या गोष्टी सांग." मला राग आला. मी साडीतली बाई म्हणून माझ्या वाट्याला हत्तीच का? मी छाती काढून म्हटलं, "मी तुमच्याच गोष्टी सांगेन. अमेरिकन लोककथा." त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. हे घरी म्हणाले, "म्हणजे त्यांच्या देशात, त्यांच्याच पोरांना, त्यांच्याच गोष्टी, तू सांगणार?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही नाही का त्यांच्या मोटारींचे ब्रेक बनवत?" आता वाटतं, ब्रेक माझ्याकडेच हवे होते.

लोककथांचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. रोज दुपारी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे आणि सासूबाईंपुढे मराठीत रंगीत तालीम करायचे. पहिली गोष्ट जंगल तोडणाऱ्या डोंगराएवढ्या माणसाची. त्याच्यासाठी धिरडी घालायचा तवा एवढा मोठा, की तो पुसायला पायाला डुकराच्या चरबीचे तुकडे बांधून पोरं तव्यावरून घसरत जात. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "चरबी नको. आपण तवा कशानं पुसतो?" अर्ध्या कांद्यानं. झालं. शनिवारी माझ्या गोष्टीतली पोरं पायाला अर्धा अर्धा कांदा बांधून तव्यावरून घसरली. पुढे बसलेल्या एका लाल केसांच्या मुलानं हात वर केला. "मग ती सगळी रडत होती का?" मी म्हटलं, "हो, पण आनंदानं." पोरं जाम खूश. पुढचे दोन शनिवार 'कांद्याची गोष्ट' म्हणून ओरडा झाला. माझ्या डोक्यात हवा गेली.

दुसरी गोष्ट अशा एका हिवाळ्याची, की माणसं बोलली की शब्द तोंडाबाहेर पडून गोठायचे आणि वसंतात वितळले की सगळीकडून एकदम बोलणं ऐकू यायचं. ही सासूबाईंना फार आवडली. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे आत्ता भांडायचं आणि ऐकायला चैत्रात यायचं. तोवर मी वाईला." मी त्यात भर घालून बर्फाचे शब्द कढईत घालून तळून ऐकवले. तेही खपलं. माझी नात ईरा अ‍ॅशबर्नला असते, सात वर्षांची. व्हिडिओवर तिला मी हीच गोष्ट अजून सांगते, कढईसकट. ती म्हणते, "आजी, यू आर मेकिंग धिस अप." मी म्हणते, "अगं, गोष्टी अशाच करतात." हे वाक्य मला खरं आहे असं वाटतं आणि तरी ते म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते. का, ते पुढे येतंच आहे.

तिसरी गोष्ट हातोडेवाल्याची. त्याचं खरं नाव इथल्या पोरापोराला पाठ असतं. मी घरात त्याला हातोडेदादा म्हणायचे. काळा माणूस, गुलामीतून सुटलेला, डोंगर फोडून रेल्वेचा बोगदा करणाऱ्या टोळीत कामाला. एक दिवस मुकादम वाफेवर चालणारं यंत्र आणतो. हातोडेवाला म्हणतो, मी याच्यापेक्षा जास्त खोल भोक पाडीन. एकीकडे यंत्र, एकीकडे तो. दिवसभर ठोकतो. जिंकतो. आणि हातोडा हातात असतानाच कोसळून मरतो. संपली गोष्ट.

ही तालीम मी भाजी निवडता निवडता केली. भिंतीतल्या नळ्या नेमक्या त्याच वेळी टणटण करत होत्या, त्यामुळे मला आयतंच पार्श्वसंगीत मिळालं आणि मी फार छान मारलं त्याला. सासूबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"मग?"

"मग काही नाही. मेला."

"मेला म्हणजे? जिंकला म्हणालीस ना?"

"जिंकला आणि मेला, आई. हीच तर त्यातली ट्रॅजेडी."

"तुझी ट्रॅजेडी ठेव कपाटात. सकाळच्या प्रहरी, शनिवारच्या दिवशी, दुसऱ्यांच्या लेकरांपुढे धडधाकट माणूस मारतेस? काय म्हणतील त्यांच्या आया? पाणी मार त्याच्या तोंडावर. उठव."

हे तेवढ्यात कामावरून आले. मी तक्रार केली. हे बूट काढता काढता म्हणाले, "उठवून टाक गं. तुझं काय जातंय?"

दोष त्यांच्यावर ढकलायचा माझा इरादा नाही. खरं सांगायचं तर उठवायला मलाच हवा होता. आदल्या दोन शनिवारी पोरं हसत उठली होती, आया टाळ्या वाजवत होत्या, मार्गारेटबाईंनी माझ्यासाठी खास खुर्ची ठेवायला सुरुवात केली होती. माणूस मारून ती खुर्ची जायला नको होती मला. शोकांतिकेवरचे वीस मार्क गेले चुलीत. शनिवारी हातोडेवाला कोसळला, मी तीन सेकंद थांबले, आणि मग त्याची बायको बादली घेऊन धावत आली. पाणी मारलं. तो उठून बसला. "माझा हातोडा कुठाय?" म्हणाला. बायकोनं त्याला लिंबू सरबत पाजलं आणि हाताला धरून घरी नेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मागच्या रांगेत एक सहा वर्षांची मुलगी होती, टेसा नावाची. दोन वेण्या, वेण्यांच्या टोकांना पिवळे मणी. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं विचारलं, "किती पाणी मारलं?" मी झोकात म्हटलं, "बादलीभर. गार गार." तिनं मान हलवली, दुकानातला माणूस हिशेब लक्षात ठेवतो तशी. मला वाटलं, काय एकाग्र श्रोता मिळालाय.

पुढच्या शनिवारी मी अर्धा तास आधी पोचले. मुलांच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, जाड निळा कोट, डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी अर्थातच हसून माझं नाव आणि एम. ए. सांगितलं.

"मी मिसेस हॉकिन्स," त्या म्हणाल्या. "टेसाची आजी. हातोडेवाल्याची गोष्ट सांगणारी तूच का?"

मी म्हटलं, "हो! आवडली का तिला?" आज या वाक्यासाठी मला कुणी फटका दिला तर मी दुसरा गालही देईन.

त्यांनी शांतपणे सांगितलं. टेसाचा बाप, म्हणजे या बाईंचा मुलगा, एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होता. उन्हाळ्यात कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि तो यंत्राशेजारी पडला, तो उठला नाही. छत्तीस वर्षांचा. टेसा तेव्हापासून फारशी रडली नव्हती, फारशी बोललीही नव्हती. गेल्या शनिवारी ती गोष्ट ऐकून घरी आली आणि तिनं आजीकडे थर्मास मागितला. आजीला वाटलं, शाळेसाठी. रविवारी चर्चनंतर दोघी दफनभूमीत गेल्या. टेसानं कोटाच्या आतून थर्मास काढला, सगळं पाणी थडग्यावर ओतलं आणि उभी राहिली. "अर्धा तास," मिसेस हॉकिन्स म्हणाल्या. "थंडी एवढी होती की ओतलेलं पाणी गवतावर गोठायला लागलं. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, 'एका थर्मासमध्ये बादलीभर मावत नाही ना, आजी?' काल तिनं बादली शोधून ठेवली आहे."

मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. पण जमीन दुभंगण्यासाठी माणूस सीतेइतका निर्दोष असावा लागतो. मी काय केलं? मी बाजू मांडायला लागले. आमच्या संस्कृतीत, मी म्हणाले (ऐका, आमच्या संस्कृतीत!), मुलांच्या गोष्टीचा शेवट शुभ करायची पद्धत आहे. आमच्याकडे गोष्टीत गेलेली माणसं परत येतात.

"गोष्टीत येतात," मिसेस हॉकिन्स म्हणाल्या. "आणि घरी?"

घरी? मग खरं ते सांगितलं, कारण त्या बाईपुढे दुसरं काही निघेना. म्हटलं, घरी दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो. कावळा लवकर आला नाही की कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं बोलतं: पोरांचं आम्ही बघू, काळजी करू नकोस. मग तो शिवतो. की समजायचं, माणूस गेला.

"म्हणजे तुम्ही कावळ्याला खरं सांगता," त्या म्हणाल्या, "आणि पोरांना नाही."

माझं एम. ए. तिथेच, त्या बाकावर, परत घेतलं गेलं.

त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. आता त्या माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडे बघत बोलल्या. "माझ्या आजोबांनी रूळ टाकलेत. या माणसाचं गाणं ते काम करताना म्हणायचे, माझे वडील दाढी करताना म्हणायचे. आमच्या घरात तो दर पिढीत जिंकतो आणि दर पिढीत मरतो. माझा मुलगा गेला त्या दिवशी मला तोच आठवला, आणि वाटलं, आपल्यात हे कुणाला तरी ठाऊक आहे. तू त्याला सरबत पाजलंस."

आत पोरं जमायला लागली होती. टेसाही आली होती, आजीचा हात न धरता आत जाऊन मागच्या रांगेत आपल्या जागी बसली होती. मी विचारलं, "मी काय करू?" आणि मनात म्हणत होते, ही म्हणेल तू जा, मार्गारेट दुसरी गोष्ट वाचेल, मी घरी जाऊन सासूबाईंच्या कुशीत रडेन.

"पुन्हा सांग," मिसेस हॉकिन्स म्हणाल्या. "आज. जशी आहे तशी. मी मागे उभी आहे."

मी खास ठेवलेल्या खुर्चीवर बसले नाही, खाली गालिच्यावर बसले. पोरांना म्हटलं, मागच्या वेळी मी गोष्ट चुकीची सांगितली. मला भीती वाटली म्हणून शेवट बदलला. मोठ्या माणसाला भीती वाटते हे ऐकून तीन-चार पोरं सरसावून बसली. मग मी सांगायला लागले. बोगदा, मुकादम, यंत्र. यंत्र फुसफुसतंय, हातोडा पडतोय. इथपर्यंत माझा आवाज नीट होता. पण तो जिंकला आणि मला घाई सुटली. पुढचं सगळं मी एका दमात म्हणून टाकलं: तो जिंकला, हातोडा हातात होता, तो पडला, त्याची बायको धावत आली, तिनं पाणी मारलं, तो उठला नाही, तो मेला, सगळे रडले, संपली गोष्ट. शुभंकरोती म्हणून मुलं जेवायला पळतात, त्या वेगानं.

टेसानं हात वर केला.

"बादलीभर मारलं?"

"बादलीभर. मग दुसरी बादली. सगळ्यांनी आपापल्या बादल्या आणल्या. सगळं पाणी संपलं."

"तरी नाही उठला?"

"नाही."

"पाणी कमी पडलं म्हणून नाही?"

मी मागे बघितलं. मिसेस हॉकिन्स तशाच उभ्या, पर्सवर दोन्ही हात. मदत नाही. "नाही, टेसा," मी म्हटलं. "पाणी भरपूर होतं. त्याच्या बायकोनं काहीच कमी केलं नाही. मेलेला माणूस पाण्यानं उठत नाही. मी खोटं सांगितलं होतं."

तिनं जरा विचार केला. एक वेणी तोंडात धरली, मणी दातांवर वाजला. मग विचारलं, "आणि त्याच्या हातोड्याचं काय केलं?"

पुस्तकात हे नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी उत्तर बनवलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही. तुला काय वाटतं?"

"त्याच्या आईकडे असेल," टेसा म्हणाली. "माझ्या डॅडीचा जेवणाचा डबा आजीकडे आहे. वरच्या फळीवर. आत अजून चमचा आहे." आणि तेवढं बोलून तिचा चेहरा दुमडला, कागद मुठीत दुमडतो तसा, आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, भोकाड पसरून. मी गोष्ट सांगून एक मूल रडवलं होतं आणि पंचवीस मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. मी उठायला गेले, तर मिसेस हॉकिन्सनी लांबूनच हात दाखवून मला बसवलं. त्या आल्या, त्यांनी नातीला उचललं. सहा वर्षांची लांबलचक मुलगी, पाय लोंबकळत होते. आणि तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी गेल्या. तिला गप्प बस असं काही त्या म्हणाल्या नाहीत. शेवटी लाल केसांच्या मुलानं, त्याच्या परीनं परिस्थिती सावरायला, विचारलं, "आता कांद्याची सांगणार?" मी सांगितली. मला आठवत नाही कशी. त्या दिवशी तव्यावरून घसरणारी पोरं नक्की कशानं रडत होती, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सासूबाईंना मी हे घरी जाऊन सांगितलं. वाटलं, म्हणतील, तरी बजावत होते. त्यांनी ऐकलं, उठल्या, आणि दोन वाट्या साखर काढून रव्याचे लाडू वळायला घेतले. "त्या पोरीला दे," एवढंच. मग बऱ्याच वेळानं, लाडू वळता वळता, "आपल्या कहाणीतलं पोर उठतं, कारण ऐकायला बसलेल्या बायकांतल्या निम्म्यांची उठलेली नसतात. हे मी तुला सांगायला हवं होतं." मी अख्खा श्रावण त्यांच्या शेजारी बसून दाणे वाहिले होते, आणि त्या बायकांचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

पण तो प्रसंग संपला तो ग्रंथालयातच, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी. तास संपला होता, पोरं बूट शोधत होती. टेसा रडून रडून दमली होती आणि आजीच्या कोटात तोंड घालून उभी होती. मी हात जोडले, मग आठवलं की इथे हात जोडत नाहीत, मग हात मिळवायला पुढे केला, मग तोही मागे घेतला. मिसेस हॉकिन्सनी हॅट नीट केली, नातीच्या कोटाची बटणं खालून वर एकेक लावली, आणि दाराशी जाऊन वळल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत उतरवते आहे, पण शब्द मी एकही इकडचा तिकडे केलेला नाही:

"पुढच्या शनिवारी ती हीच गोष्ट मागणार. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तुला त्याला मारावं लागेल, तेव्हा सवय कर. आणि एवढी घाई करू नकोस. माणूस मरत होता, बाई, तुझी बस सुटत नव्हती."